बाहेरचे नाव, आतला होकार

'हिंदू हा शब्द वेदांत नाही, गीतेतही नाही. तो परक्यांनी दिला, तेव्हा हिंदू नावाचा धर्म मुळात नाहीच,' असे विधान आपल्याकडच्या व्याख्यानांत आणि चर्चांत वर्षानुवर्षे ऐकू येते. त्याला उत्तर देणारेही तयारच असतात. ते सिंधू नदीचा माग काढत हाच शब्द ऋग्वेदातल्या सप्तसिंधूंपर्यंत नेतात आणि आपला धर्म तितकाच पुरातन ठरवतात. हे दोन पक्ष एकमेकांशी कडाडून भांडतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे: नावाचा उगम सापडला की ते नाव लावणाऱ्यांच्या खरेखोटेपणाचा निवाडा झाला. हे गृहीतक उथळ आहे. ते केवळ हिंदूंच्या बाबतीत नव्हे, तर ख्रिस्ती, बौद्ध, पारशी, खोजे अशा सगळ्यांच्याच बाबतीत दिशाभूल करते.

माझे म्हणणे असे. एखाद्या धर्माच्या अनुयायांना जे नाव पडते ते बहुधा देवळात, मठात किंवा धर्मग्रंथात घडत नाही. दोन समाज जिथे एकमेकांना भिडतात तिथे ते घडते: बाजारात, नाक्यावर, कचेरीत, न्यायासनासमोर. त्यामुळे नाव बाहेरून येणे ही जगाची सर्वसाधारण रीत आहे. त्यात कमीपणाही नाही आणि कशाचा पुरावाही नाही. विचारायचा प्रश्न पुढचा आहे. ते नाव अनुयायांनी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा केव्हा घेतले, कोणासमोर घेतले, आणि घेताना काय गमावले किंवा कमावले? धर्मसमाजांचा इतिहास या उत्तरांत आहे. व्युत्पत्तीत तो फार थोडा सापडतो.

१. आत राहणाऱ्याला नाव लागत नाही

घरातल्या घरात कोणाला आडनाव लागत नाही; ते शाळेच्या दाखल्यावर लागते. धर्माचेही तसेच आहे. आतली माणसे स्वतःला जे म्हणवतात ते सहसा एखाद्या कृतीचे किंवा नात्याचे नाव असते. वारीला जातो तो वारकरी, गळ्यात तुळशीची माळ घालतो तो माळकरी, गुरूपाशी शिकतो तो शिष्य. 'तू काय करतोस?' या प्रश्नाची ही उत्तरे आहेत. 'तू कोण?' हा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो.

बुद्धाच्या मागून गेलेल्यांकडे पाहावे. पाली वाङ्मयात ते भिक्खू आहेत, भिक्खुनी आहेत, उपासक आणि उपासिका आहेत. सम्राट अशोकही आपल्या लघु शिलालेखांत आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत असे सांगतो. महावीरांच्या अनुयायांना त्या काळी निर्ग्रंथ म्हणत, म्हणजे ज्यांच्या गाठी सुटल्या ते. 'जैन' हे नाव रूढ झाले ते पुष्कळ नंतर. येशूच्या पहिल्या अनुयायांचेही हेच. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या ग्रंथात ते स्वतःच्या पंथाला केवळ 'मार्ग' म्हणतात, आणि विरोधक त्यांना नासरेथकरांचा पंथ म्हणतात.

अशोकाचाच सातवा स्तंभलेख मात्र वेगळ्या गरजेतून लिहिला गेला आहे. धर्ममहामात्रांनी कोणाकोणाकडे लक्ष द्यावे हे सांगताना तो संघ, ब्राह्मण, आजीविक आणि निर्ग्रंथ अशी नावे ओळीने घेतो. इथे उपासक अशोक बोलत नाही, राजा अशोक बोलतो. अधिकाऱ्यांना कामे वाटून द्यायची तर यादी लागते, आणि यादीला नावे लागतात. धर्मसमाजांची नावे पक्की होण्यामागे ही यादीची गरज किती मोठी असते, ते पुढे दिसेलच.

२. शेजारी काय पाहतो

बाहेरचा माणूस नाव ठेवतो ते त्याला जे दिसते त्यावरून: प्रदेश, पेहराव, भाषा, सुट्टीचा वार. श्रद्धा त्याला दिसत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असे या समाजाची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेलघाणे चालवत, मराठी बोलत, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावे लावत. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. या नावात मोशे नाही, तोरा नाही, यरुशलेम नाही. धंदा आहे आणि बंद घाणा आहे. तरी शेजाऱ्याने नेमकी तीच गोष्ट टिपली जी या लोकांनी शतकानुशतके सोडली नव्हती. बाहेरचे नाव वरवरचे असते, पण ते प्रत्येक वेळी खोटे असते असे नाही.

'हिंदू' या शब्दाची सुरुवातही अशाच बाहेरच्या नजरेने झाली. इराणचा सम्राट दारयवहू याच्या नक्श-ए-रुस्तम येथील कोरीव लेखात साम्राज्यातल्या प्रांतांची यादी आहे, आणि तीत 'हिंदुश' हा सिंधूकाठचा प्रांत आहे. सिंधूतल्या 'स'चा इराणी उच्चारात 'ह' झाला, ग्रीकांनी तोही गाळला, अरबांनी 'अल्-हिंद' म्हटले. या सगळ्यात धर्म कुठेच नाही. इथवर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. चूक होते ती इथेच थांबल्यामुळे.

परक्यांना असे नाव देण्यात आपणही मागे नव्हतो, आणि हा भाग आपल्या चर्चेतून नेहमी गळतो. 'यवन' हा शब्द पाहा. ग्रीक आयोनियनांसाठी इराणी लोक जो शब्द वापरत त्याचेच हे भारतीय रूप. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहिले तर खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली दिसतात, आणि त्यांत धेनुकाकटचे यवन अनेक आहेत. हे यवन बुद्धाच्या चैत्याला खांब दान करत आहेत. त्यांचा धर्म कोणता, हे त्या नावातून कळत नाही. त्यांच्या दानातून कळते. पुढे हजार-पंधराशे वर्षांनी मराठी बखरींत तोच 'यवन' मुसलमान झाला. शब्द तोच राहिला, त्याखालची माणसे पूर्ण बदलली.

याहून बोलके उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणच्या मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी आहे मधुमती, वडिलांचे नाव सहियारहार. 'मधुमती'मागे मुहम्मद हे नाव ओळखणे अवघड नाही. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. याच मधुमतीच्या अनुमतीने एका ब्राह्मणाने भगवतीची मठिका बांधली आणि तिला जमीन दान मिळाली. ताम्रपट लिहिणाऱ्याला मधुमतीचे कूळ सांगावेसे वाटले. त्याच्या धर्माला वेगळे नाव देण्याची गरज पडली नाही. त्या काळच्या संस्कृत लेखांत मुसलमान येतात ते ताजिक, तुरुष्क, पारसीक अशा वंशाच्या आणि प्रदेशाच्या नावांनीच. मग केवळ 'हिंदू' हाच शब्द भौगोलिक म्हणून पोकळ कसा ठरवणार?

३. नाव हाच गुन्हा

शेजाऱ्याचे नाव सैल असते. सत्तेच्या हाती गेले की ते आवळले जाते. हे घडताना स्पष्ट दिसते ते रोमन साम्राज्यात.

'ख्रिस्ती' हे नाव प्रथम सीरियातल्या अंत्युखियात पडले, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. ते अनुयायांनी घेतले असे तिथे म्हटलेले नाही. त्या शब्दाचा शेवटही लॅटिन वळणाचा आहे; एखाद्या पुढाऱ्याच्या माणसांना, पक्षाच्या समर्थकांना असा प्रत्यय लागे. हेरोदाचे ते हेरोदी, तसे ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती. संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त तीनदा येतो. ज्या शब्दावर पुढे जगातल्या जवळपास एक तृतीयांश माणसांची ओळख उभी राहिली, तो त्या धर्माच्या मूळ ग्रंथात जवळपास पाहुणा आहे.

इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंतस प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून सल्ला मागितला. ख्रिस्ती म्हणून ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना शिक्षा करायची ती कशाबद्दल? नावाबरोबर येणाऱ्या गुन्ह्यांबद्दल, की नुसत्या नावाबद्दल? त्याने काय केले तेही तो सांगतो. समोर आणलेल्याला विचारायचे, तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हणाला तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचे, शिक्षेची धमकी द्यायची. तरी हो म्हणाला तर मृत्यूकडे पाठवायचे. नाही म्हणाला, देवतांची प्रार्थना केली, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहिले आणि ख्रिस्ताला शिव्याशाप दिले, तर सोडून द्यायचे. ट्राजनने उत्तर दिले की अशांना शोधत फिरू नका, पण आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा.

इथे माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहे. नाव अंत्युखियातल्या परक्यांचे, प्रश्न रोमन अधिकाऱ्याचा, प्रश्नाची भाषाही त्याचीच. पण तिसऱ्या वेळी 'हो' म्हणणारा माणूस ते नाव परक्यांकडून काढून स्वतःचे करतो. पेत्राचे पहिले पत्र वाचकांना सांगते की ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज बाळगू नका. म्हणजे लाज वाटावी असे ते नाव होते, आणि ते सोसण्याच्या वाटेनेच आपले झाले. त्या माणसाला 'हे नाव तुमच्या येशूने दिलेले नाही' असे सांगून काय साधले असते?

नंतरच्या काळात ही वाट अनेकांनी चालली. इंग्लंडमधल्या एका पंथाला थरथरणारे म्हणून 'क्वेकर' हे टोपणनाव पडले ते एका न्यायाधीशाच्या तोंडून, असे त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स सांगतो. मार्टिन ल्यूथरने आपल्या नावाने पंथ ओळखू नका अशी विनवणी केली, तरी अनुयायी ल्यूथरन झालेच.

प्रत्येक टोपणनाव असे सन्मानाचे होते असे मात्र नाही. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने मराठीला तिचे पहिले गद्य दिले, आणि मराठी समाजाने परतफेड म्हणून 'मानभावी' हा शब्द कोशात घातला: वरून साधुत्व, आतून कपट. आपला ग्रंथठेवा जपण्यासाठी या पंथाने सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या, त्यामागे हे अविश्वासाचे वातावरणही होतेच. पंजाबात हेच लोक जयकृष्णी म्हणून ओळखले गेले. पंथीयांनी 'महानुभाव' हेच नाव धरून ठेवले, पण आजही आपण 'मानभावीपणा' सहज बोलून जातो. नाव ठेवणाऱ्याची ताकद मोठी असली की होकार द्यायलाही जागा उरत नाही, हे मराठी वाचकाने यातून ओळखावे.

४. गोदावरीच्या एकाच तीरावर

आता 'हिंदू'कडे परत येऊ. हा शब्द धर्मवाचक झाला तो इंग्रजांच्या काळात, त्याआधी तो निव्वळ भौगोलिक होता, असा सिद्धांत गेल्या काही दशकांत विद्वानांतही लोकप्रिय आहे. तो मला टिकणारा वाटत नाही.

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून विजयनगरच्या राजांच्या लेखांत 'हिंदुरायसुरत्राण' ही बिरुदावली येते. सुरत्राण म्हणजे सुलतान. हिंदू राजांतला सुलतान, असे हे राजे अभिमानाने म्हणवून घेत होते. या वापरात राजकारण जास्त आणि धर्म कमी आहे, हे मान्य करायला हवे. पण नाव परक्याच्या तोंडातून निघून स्वतःच्या बिरुदात बसले आहे, आणि तेही परक्याच्याच पदवीशेजारी.

निर्णायक पुरावा पैठणचा आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाची, विधींची, शिवाशिवीची, ग्रंथांची उणीदुणी काढतात. तुर्क दख्खनी वळणाची हिंदुस्थानी बोलतो, हिंदू मराठी बोलतो. वाद वाढतो, आणि शेवटी दोघे एका परमेश्वरापाशी येऊन एकमेकांना भेटतात. आता विचार करा. हे दोघेही गोदावरीच्या एकाच तीरावरचे आहेत, सिंधूच्या अलीकडचेच आहेत. 'हिंदू' म्हणजे नुसता सिंधूअलीकडचा माणूस असता, तर हा तुर्कही हिंदूच ठरला असता आणि संवादाला विषयच उरला नसता. एकनाथांच्या श्रोत्यांना तो भेद समजावून सांगावा लागत नव्हता. कीर्तनाला बसलेल्या साध्या माणसाला तो ठाऊक होता. कंपनी सरकारची पहिली वखार सुरतेला निघण्यापूर्वी एकनाथ समाधिस्थ झाले होते.

तरीही 'धर्म जुनाच, नावही जुनेच' म्हणणाऱ्यांचे समाधान एकनाथ करत नाहीत. त्यांचा हिंदू तुर्काच्या समोर उभा आहे म्हणून हिंदू आहे. तुर्क निघून गेला की तो पुन्हा भागवत, ब्राह्मण, वारकरी, अमक्या कुळाचा असा होतो. तोवर हे नाव समोरासमोरचे होते. कायम अंगावर वागवायचे नव्हते. इंग्रजी अमलात बदलले ते हे. शब्द तेव्हा जन्मला नाही, पण त्याला एक रकाना मिळाला, आणि एका माणसाला एकच रकाना अशी सक्ती आली.

५. मुंबईच्या न्यायासनासमोर

ही सक्ती कशी काम करते याचा सर्वांत समृद्ध दाखला मुंबईत आहे, आणि मराठी वैचारिक लेखनात त्याची जितकी दखल घेतली जायला हवी तितकी घेतली जात नाही.

१८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा समाजाचा खटला उभा राहिला. खोज्यांचे इमाम म्हणवणारे आगाखान आणि त्यांना न मानणारे खोजे यांच्यातला वाद जमातीच्या मालमत्तेवरून आणि कारभारावरून होता. पण ते ठरवायचे तर खोजे कोण, हे आधी ठरवावे लागणार होते. विरोधकांचे म्हणणे, आम्ही सुन्नी. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर इतर पुराव्यांबरोबर 'दशावतार' या ग्रंथाचीही छाननी झाली. विष्णूच्या अवतारमालिकेत दहावा अवतार म्हणून अलीला बसवणारा ग्रंथ! असा ग्रंथ म्हणणाऱ्या माणसांना एक नाव द्यायचे होते. निकाल आला: खोजे हे शिया इमामी इस्माइली. श्रद्धेने जी गोष्ट शेकडो वर्षे मोकळी ठेवली होती, ती मालमत्तेने एका निकालात बंद केली.

१९०८ मध्ये पारशांचा प्रसंग आला. रतनजी दादाभाई टाटा यांची फ्रेंच पत्नी सुझान हिने जरथुष्ट्री धर्म स्वीकारला होता. पारशी पंचायतीच्या विश्वस्त मालमत्तांवर, दोखम्यावर (शांतिमनोऱ्यावर) तिचा हक्क आहे का? न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांच्या निकालातून एक भेद कायम झाला. जरथुष्ट्री हे धर्माचे नाव आहे, पारशी हे समाजाचे. दीक्षा घेऊन माणूस पहिले होईलही, म्हणून दुसरे होत नाही. पारशी म्हणजे मुळात पार्स प्रांतातून आलेला, एवढा साधा शब्द. बाराशे वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर शेजाऱ्यांनी तो प्रदेशावरून वापरला असेल. त्याच शब्दाने आता आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवले. इथे 'हो' म्हणणारी व्यक्ती हजर होती. होकार नाकारणारा समाजही हजर होता. माझ्या कसोटीची ही अवघड बाजू आहे: होकार एकट्याचा पुरत नाही, तो कोणीतरी मान्यही करावा लागतो.

जनगणनेने हेच काम देशभर केले. १९११ च्या मोजणीत मुंबई इलाख्यातल्या गुजरातमधल्या काही जमातींची नोंद 'हिंदू-महंमदी' अशी झाली. त्या दोन्ही परंपरा पाळत होत्या आणि तसे सांगत होत्या. जनगणना आयुक्त गेट यांना ही नोंद पसंत पडली नाही. एक तर हिंदू, नाहीतर मुसलमान, असे त्यांचे म्हणणे. मिश्र जीवनाला नाव नव्हते असे नाही. रकाना नव्हता.

वसई-साष्टीच्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांनी याच काळात नावाचा वेगळाच उपयोग केला. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावे म्हणून १८८७ मध्ये त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन आपली संघटना काढली. त्यात ना धर्म, ना भाषा. एका व्यापारी कंपनीची आठवण तेवढी आहे. तरीही आज वसईत ईस्ट इंडियन म्हटले की घरची मराठी बोली, लुगडे आणि चर्च हे सगळे एकदम समोर येते.

आणि १९६६. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिराच्या सत्संगींनी दावा केला होता की आम्ही हिंदू नाही. का? तर मंदिरप्रवेशाचा कायदा हिंदू मंदिरांना लागू होता, आणि दलितांना आत येऊ द्यायचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयात हा वाद आला तेव्हा सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. हिंदू कोणाला म्हणावे याचा शोध घेताना त्यांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला आणि सत्संगी हिंदूच आहेत असा निकाल दिला. दारे उघडली. 'हे नाव आमचे नाही' हा युक्तिवाद किती धोकादायक हातांत जाऊ शकतो, हे या खटल्याने दाखवले. नावाला नकार देणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा लागतो: हा नकार कोणासमोर, आणि कोणाला बाहेर ठेवण्यासाठी?

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल: इस्लाम आणि शीख धर्माचे काय? मुस्लिम हा शब्द कुराणात आहे, शीख हा गुरुबाणीत आहे. मान्य. ही नावे आतून आली आहेत आणि माझ्या नियमाला ती खरे अपवाद आहेत. पण त्यांचाही इतिहास शब्दाच्या उगमापाशी संपत नाही. सुरुवातीच्या खलिफांची पदवी 'अमीर-उल-मोमिनीन' होती, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख. इजिप्तमधल्या हिजरी २२ च्या अरबी-ग्रीक पपायरसवर ग्रीक कारकून त्यांना 'मागारिताइ' लिहितो, म्हणजे मुहाजिर. ग्रंथात शब्द असणे वेगळे आणि तो समाजाची मुख्य ओळख होणे वेगळे. मध्ये काही दशके गेली. शिखांच्या बाबतीतही शिष्य या अर्थाचा शब्द जुना, पण १८९८ मध्ये काहनसिंग नाभा यांना 'हम हिंदू नहीं' हे पुस्तक लिहावे लागले, आणि १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यात शीख कोण हे ठरवताना 'माझा दुसरा कोणताही धर्म नाही' असे प्रतिज्ञेवर सांगण्याची अट आली. आतून आलेल्या नावालाही कुंपण पडले ते कचेरीतच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाव बाहेरून येण्यात काही वावगे नाही असे म्हणणे म्हणजे नाव लादणाऱ्या सत्तेला सूट देणे नव्हे का? लादलेले नाव अन्याय करते, हे मी वर महानुभावांबाबत म्हटलेच आहे. माझी कसोटी सत्तेला सूट देत नाही. ती अन्याय नेमका कुठे झाला हे दाखवते. नाव दुसऱ्याने उच्चारले म्हणून अन्याय होत नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची सोय काढून घेतली की होतो. महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा दाखला बौद्धांचा आहे.

७. १९५६ नंतरचा दाखला

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबर लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा घेताना जुने नाव त्यांनी जाहीरपणे टाकले आणि नवे जाहीरपणे उच्चारले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. नावाला इतका मोठा, इतका एकवटलेला आणि इतका समजून-उमजून दिलेला होकार आधुनिक भारतात दुसरा नाही.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रामुख्याने हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला आणि बौद्धांना १९९० मध्ये. मधली चौतीस वर्षे 'बौद्ध' हा शब्द रकान्यात लिहिणे म्हणजे केंद्राच्या सवलती सोडणे होते. शाळेच्या दाखल्यावर 'धर्म व जात' या ओळीत काय लिहायचे, यावर कित्येक घरांत रात्री जागल्या असतील. महाराष्ट्र शासनाच्या योजनांत मग 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा जोडशब्द बसला आणि तो आजही निवासी शाळांच्या पाट्यांवर दिसतो. या 'नव'वर अनेक बौद्धांचा आक्षेप आहे, आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. माणसांनी स्वतःला बौद्ध म्हटले होते. 'नव' प्रशासनाने जोडले, कारण प्रशासनाला त्यांची आधीची जात आठवणीत ठेवायची होती.

याच माणसांचे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंदले जाते, कारण त्या कायद्याने हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना एकत्र धरले आणि उरलेल्यांत मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी व ज्यू नसलेला प्रत्येक जण घातला. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस एका कागदावर बौद्ध, दुसऱ्यावर नवबौद्ध आणि तिसऱ्यावर हिंदू कायद्याचा पक्षकार असतो. 'बौद्ध शब्द कोणी तयार केला' हे शोधून यातला एकही गुंता सुटत नाही. त्याने दिलेला होकार कोणत्या कागदाने मानला आणि कोणत्या कागदाने मानला नाही, एवढे विचारले तर तिन्ही लगेच उलगडतात.

८. मोजणीच्या उंबरठ्यावर

आज हा प्रश्न आदिवासींच्या दारात उभा आहे. इंग्रजी काळातल्या जनगणनांनी त्यांना जडप्राणवादी म्हटले, नंतर आदिवासी धर्म म्हटले, आणि स्वतंत्र भारताच्या जनगणनेने तो रकानाच काढून टाकला. सहा धर्म छापील आहेत. बाकीच्यांनी नाव सांगून लिहून घ्यायचे. २०११ मध्ये सुमारे ७९ लाख लोकांची नोंद 'अन्य धर्म' यात झाली, आणि त्यांपैकी ४९ लाखांहून अधिक जणांनी 'सरना' असे सांगितले. सरना म्हणजे सालवृक्षांची पूज्य राई. ११ नोव्हेंबर २०२० रोजी झारखंड विधानसभेने सरनासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव एकमताने केला. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंडांमध्ये 'कोया पुनेम' या आपल्या धर्माची भाषा वाढते आहे, तीही याच वाटेवरची आहे.

या मागणीला दोन्ही बाजूंनी मिळणारी उत्तरे जुनीच आहेत. सरना नावाचा धर्म कोणत्या जुन्या ग्रंथात आहे, असे एक विचारतो. हे नाव मिशनऱ्यांनी किंवा राजकारण्यांनी पेरले, असे दुसरा म्हणतो. दोघेही नावाचा जन्मदाखला मागत आहेत. अंत्युखियातल्या माणसांकडेही तो नव्हता आणि पैठणच्या कीर्तनातल्या हिंदूकडेही नव्हता. छापील पर्याय समोर नसताना ४९ लाखांवर माणसांनी प्रगणकाला थांबवून आपले नाव लिहायला लावले आहे, आणि इतका होकार मला पुरेसा वाटतो. येत्या जनगणनेच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना छापणे हे केंद्र सरकारचे काम आहे.